आईकडून आलेले नागरिकत्व

१ जानेवारी १९१४ रोजी अमलात आलेल्या जर्मन कायद्याने नागरिकत्वाचा आधार जन्माचे नाते हा मानला, पण विवाहातून झालेल्या अपत्यासाठी नाते धरले ते बापाचे. आई जर्मन आणि बाप परदेशी असला, की मूल सहसा परदेशीच ठरे. १९४९च्या राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले, तरी हा नियम पुढची पंचवीस वर्षे टिकला. १९७४मध्ये घटना न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि १९७५पासून जन्मलेल्या मुलांना आईकडूनही नागरिकत्व मिळू लागले. आधीच्या मुलांसाठी अर्जाची मुदत १९७७अखेर संपली. परदेशात वाढणाऱ्या मुलापर्यंत ती बातमी वेळेत पोचणे किती कठीण असेल, हे सांगायला नको. ऑगस्ट २०२१मध्ये तो दरवाजा पुन्हा उघडला: अशा मुलांना आणि त्यांच्या वंशजांना केवळ निवेदन देऊन, विनाशुल्क, जर्मन होता येते. त्यासाठी ना भाषेची परीक्षा, ना जर्मनीतल्या वास्तव्याची अट. ही मेहेरबानी नव्हे, नाकारलेल्या हक्काची भरपाई आहे. म्हणूनच तिच्यावर घातलेली १९ ऑगस्ट २०३१ची मुदत मला पटत नाही.

जर्मनीशी काडीचा संबंध नसलेले लोक पासपोर्ट गोळा करतील, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण वंशपरंपरेला लगाम कायद्यात आहेच: १९९९नंतर परदेशात जन्मलेल्या जर्मनाचे मूलही परदेशातच जन्मले, तर वर्षाच्या आत नोंदणीची पावले उचलावी लागतात. हा लगाम मुलालाही आणि मुलीलाही सारखाच. शिवाय भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की आपला कायदा भारतीय नागरिकत्व संपवतो. जर्मन आई आणि मराठी वडील असलेली व्यक्ती हे निवेदन हौसेखातर देईल, असे मानायला आधार नाही.

मला सर्वाधिक खुपते ती २३ मे १९४९ची रेघ: निवेदनाचा हक्क राज्यघटनेच्या या तारखेनंतर जन्मलेल्यांनाच आहे. १९४७मध्ये परदेशी माणसाशी लग्न केल्यामुळे नागरिकत्व गमावलेल्या स्त्रीची १९५०मध्ये जन्मलेली धाकटी मुलगी निवेदन देऊ शकते, १९४८मध्ये जन्मलेली थोरली देऊ शकत नाही. घटनाच नव्हती तेव्हा समानतेचा भंग कसला, असे यावर सांगतात. पण त्याच घटनेचे ११६वे कलम १९३३ ते १९४५ या काळात वंश, धर्म किंवा राजकीय मतापायी नागरिकत्व हिरावलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना ते परत देते, तेही मुदतीविना. त्या छळाची तुलना विवाहाच्या नियमाशी होऊ शकत नाही. तरीही घटनेपूर्वीच्या अन्यायाची भरपाई घटनेनंतर करता येते, हे जर्मनीने स्वतःच मान्य केले आहे. मग थोरल्या बहिणीला नकार देताना केवळ तारखेकडे बोट दाखवणे पुरेसे नाही.