नित्य वापराचे कार्डिगन

मुंबईच्या उपनगरांत लोकरीचे वस्त्र विणणे म्हणजे केवळ हौस, असा पुष्कळांचा समज असतो. तो सर्वस्वी खरा नाही. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी तपमान ७.४ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते, हा अपवाद झाला. परंतु एरवीही जानेवारीच्या पहाटे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत गारवा अंगाला झोंबतो आणि दुपारी तेथेच घाम येऊ लागतो. सबब येथे फार उबदार वस्त्रापेक्षा सहज चढविता-उतरविता येणारे वस्त्र अधिक उपयोगी. समोरून बटणांनी उघडणारे कार्डिगन ही गरज नेमकी भागविते; लोकलच्या गर्दीत ते डोक्यावरून ओढून काढावे लागत नाही.

लोकरीची ऊब तिच्या कुरळ्या तंतूंत अडकून राहणाऱ्या हवेमुळे येते. त्यामुळे आपल्या हवेत बारीक लोकर व किंचित सैल वीण पुरेशी होते.

पुष्कळांचे काम बिघडते ते मापात. यास्तव प्रथम त्याच लोकरीचा व त्याच सुयांचा सहा इंच चौरस नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मधल्या चार इंचांतील टाके मोजावेत. समजा, छातीचा घेर ३६ इंच आहे. सैलपणासाठी ४ इंच धरले, तर पाठीची रुंदी २० इंच होते. इंचाला ५ टाके बसत असतील, तर १०० टाके घालावे लागतील. परंतु हात घट्ट असून इंचाला साडेपाच टाके बसत असतील, तर त्याच १०० टाक्यांची रुंदी जेमतेम १८ इंच भरेल. पुढचे भागही त्याच प्रमाणात आखडतील, सैलपणा नाहीसा होईल आणि महिनाभराचे काम उसवावे लागेल. एका संध्याकाळचा नमुना हे नुकसान टाळतो.

खालची कड दोन इंच, एक सुलट एक उलट अशी विणावी. त्यामुळे ती अंगाबरोबर राहते. वर एक ओळ सुलट व एक ओळ उलट. पुढच्या प्रत्येक भागास पाठीच्या निम्मे टाके घेऊन, पट्ट्या एकमेकींवर याव्यात म्हणून थोडे अधिक घालावेत. आधी बटणांची बाजू विणून बटणांच्या जागी खुणा कराव्यात. मग समोरच्या बाजूस त्याच अंतराने काजे ठेवावीत. घरकामात पाण्याशी संबंध येत असल्यास बाह्या मनगटाच्या किंचित वर संपवाव्यात.

ऊन पाणी व चोळणे यांनी लोकर आटते. म्हणून थंड पाण्यात हलके दाबून धुवावे आणि टांगून न ठेवता सावलीत सपाट पसरून वाळवावे. कसरीच्या अळ्यांना घामाचे व अन्नाचे डाग लागलेली लोकर विशेष रुचते; तेव्हा फाल्गुनात कार्डिगन ठेवून देण्यापूर्वी ते स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवावे. इतकी काळजी घेतल्यास एकच कार्डिगन अनेक हिवाळे कामी येते.