घाम आला, पण वाळला का? पाणी आपल्याला गार कसं ठेवतं

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नागपुरात मे महिन्यात कुलर लावला की खोली मस्त गार होते. तोच कुलर मुंबईत आणून लावा, खोली नुसती चिकट होते. कुलर तोच, पाणी तेच. मग बिघडलं कुठे?

त्यासाठी आधी पाण्याच्या रेणूकडे बघू. एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन, हे शाळेत शिकलोय. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. एकेक बंध तसा कमजोर, पण संख्या अफाट. हायड्रोजन सल्फाइड हा पाण्यासारखीच रचना असलेला आणि वजनाने त्याहून जड रेणू आहे. तो उणे ६० अंशांलाच उकळतो आणि पाणी १०० अंशांला! हा फरक मुख्यतः या बंधांमुळे.

आता वाफ होणं म्हणजे काय? रेणूने हे सगळे बंध तोडून हवेत निघून जायचं. त्याला ऊर्जा लागते आणि ती तो जिथे बसलाय तिथूनच घेतो. म्हणजे त्वचेवरून घाम वाळतो तेव्हा आपल्या अंगातली उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम घाम वाळायला साधारण ५८० कॅलरी लागतात. तेवढंच पाणी नुसतं एक अंशाने तापवायला फक्त एक कॅलरी पुरते. बघा, केवढा फरक आहे!

माठाचंही तेच. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजली की आपण म्हणतो, "माठ आता पाणी गार करत नाही." झाडंसुद्धा पानांतून पाणी सोडतात आणि पानं गार राहतात, म्हणून कडुनिंबाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा सुखाची. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी, म्हणून ती डबक्यात जाऊन बसते.

आता थोडा हिशेब करू. आपलं शरीर नुसतं बसून असलं तरी तासाला अंदाजे ७० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. साठ किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. आपल्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी आहे, म्हणून हा आकडा एवढा तरी आहे. उष्णता बाहेर पडायचे सगळे रस्ते बंद झाले, तर बसल्या जागी तासाला दीडेक अंश चढेल. डोक्यावर ऊन किंवा हातात कष्टाचं काम असेल, तर त्याहून कितीतरी लवकर.

आणि रस्ता बंद होतो दमटपणाने. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर जेवढे रेणू त्वचेवरून उडतात, जवळजवळ तेवढेच परत येतात. घाम वाळतच नाही. तो नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम जवळजवळ वाया गेला. मुंबईतला कुलर इथेच हरतो.

कुलर हरला तर फक्त गैरसोय होते, शरीर हरलं तर जीव जातो. १६ एप्रिल २०२३ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने १४ जण दगावले. विदर्भाच्या उन्हाळ्याच्या मानाने त्या दिवशी पारा फार चढलेला नव्हता. म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की फक्त तापमानाचा आकडा बघून "एवढं काही नाही" म्हणू नका. दमटपणाही बघा. अंगावरून घाम ओघळतोय पण वाळत नाहीये, हीच धोक्याची खूण. काम थांबवा, सावलीत या, पंख्याखाली बसा, पाणी प्या.

कोरड्या हवेत उलटी फसगत होते. तिथे घाम इतका झटकन वाळतो की किती पाणी गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा.

उन्हात कुणी बरळायला लागलं, तोल जायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर १०८ला फोन करा आणि मदत येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओता. दमट हवेतही याचा उपयोग होतो, कारण गार पाणी नुसत्या स्पर्शानेच हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेतं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी मात्र घालू नका.

तर मंडळी, तुमच्याकडे कुलर चालतो की नुसता चिकचिकाट करतो? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा!