पद्मिनी गेली, ती कुठून सुरुवात करून?

टॅक्सी म्हणून शेवटची प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या तारदेव आरटीओत नोंदली गेली, ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी रस्त्यावर आणायची सोय उरली नाही. पेपरांनी तिला भरभरून निरोप दिला. गाडीचं जाणं मात्र त्याच्या कितीतरी आधी गॅरेजांमधून सुरू झालं होतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली. त्याआधी ती फियाट होती, आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच राहिली. १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढच्या दाराला वारा घ्यायची तिकोनी काच. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं. नवं शतक उजाडता उजाडता पद्मिनीचं उत्पादन थांबलं.

तरी गाडी धावत राहते. पिस्टन, रिंगा, बेअरिंग बाहेरचे कारखानदार बनवतात. एखादा भाग लेथवर घडवून घेता येतो. घोडं अडतं ते किरकोळ वस्तूंपाशी. दाराचं कुलूप, मागच्या दिव्याची लाल काच, खिडकीचं रबर. आठवतं का, कित्येक टॅक्सींत चार दारांना मिळून काच फिरवायचं एकच हँडल असायचं? पाऊस आला की ड्रायव्हर ते मागे द्यायचा, आपण काच चढवून परत करायचो. नवं कोणी बनवत नाही म्हटल्यावर उभी राहिलेली गाडी सोलायची आणि चालतीला द्यायची. हजारो फियाट होत्या तोवर हे निभलं. संख्या हीच या गाडीची खरी ताकद होती.

पुढे नियम कडक झाले. टॅक्सीची वयोमर्यादा २००८ मध्ये पंचवीस वर्षं झाली, २०१३ मध्ये वीस. दरसाल एक थर भंगारात जाऊ लागला. गाड्या घटल्या तसा सुट्या भागांचा दुकानदार माल ठेवीनासा झाला आणि मेकॅनिक सँट्रो-वॅगनआरकडे वळले. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती इथे. स्क्रू अर्धा आटा फिरवून, इंजिनाच्या आवाजावरून कार्बोरेटर लावणारा कान एका माणसाबरोबर जातो. तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

घरगुती पद्मिनी अजून काही जणांनी जिवापाड सांभाळल्या आहेत. पुढच्या वेळी अशी एखादी पांढरीशुभ्र गाडी दिसली, तर दाराच्या आतल्या कडेला, बिजागरीपाशी वाकून पाहा. रंगाचा टवका उडाला असेल, तर कदाचित खालून टॅक्सीचा काळा रंग डोकावेल.