वकिलांचा संघ, पक्षकाराचा आधार

संत्र्याचा सौदा वरूडच्या माणसाला कुणाकडून शिकावा लागत नाही. पण पोरगा पोलीस ठाण्यात अडकला, की भलाभला बागायतदार गांगरतो. काळा कोट दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. तो काळा कोटही पुष्कळदा एकटाच असतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

१ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले. खुनाचे कलम ३०२चे १०३ झाले. बोलीत मुरलेले ‘चारसोबीस’ ३१८मध्ये गेले. जुनेजाणते वकीलही पुन्हा विद्यार्थी झाले. अशा वेळी वकील संघाच्या वर्गणीचे मोल कळते. सामाईक ग्रंथालय, ताज्या निकालांची चर्चा, उलटतपासणीतल्या खाचाखोचा सांगणारा एखादा ज्येष्ठ! आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, ठेव लहान आणि व्याज मोठे. ते व्याज शेवटी पक्षकाराच्या पदरात पडते.

मात्र एकीचा दुरुपयोगही होतो. एखाद्या गुन्ह्याने गाव पेटते आणि ‘आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असा ठराव होतो. तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे ठराव रद्दबातल ठरवले. अटकेतल्या माणसाला पसंतीचा वकील मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदातच आहे.

राजद्रोहाची शिक्षा झालेल्या टिळकांसाठी अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे १९०८ साली विलायतेला गेले. सरकारच्या लेखी टिळक गुन्हेगारच होते! लोकक्षोभात आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलामागे जो संघ उभा राहतो, त्याचीच वर्गणी सार्थकी लागली म्हणायची.