पोचा आणि तडा

मेकॅनिककाकांनी खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि माझ्या कार्बनच्या सायकलीच्या नळ्यांवर ते ठोकत ठोकत पुढे सरकू लागले. टक, टक, टक. आदल्या दिवशी बोपदेव घाट उतरताना वाळूवरून चाक सरकलं आणि मी आडवा झालो होतो. माझं कोपर सोलवटून निघालं होतं, पण त्याची विचारपूस करायला कोणाला सवड नव्हती. ‘‘माठ वाजवून घेता ना? तसंच आहे हे,’’ काका म्हणाले. ‘‘आवाज बद्द आला की समजायचं, आतले थर सुटलेत.’’ आवाज सगळीकडे सारखाच कोरडा आला. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सायकलीकडे हनुवटीनं खूण केली. तिच्या दांडीवर चार वर्षांपासून अंगठ्याएवढा पोचा आहे. ‘‘हिला नाणं लागत नाही. हिचं काय ते तोंडावर दिसतं.’’

रोड बाईकच्या सांगाड्याला सगळे फ्रेमच म्हणतात, आणि ‘कोणती सायकल घेऊ?’ या प्रश्नाचा अर्थ हल्ली ‘कोणती फ्रेम घेऊ?’ असाच असतो. एक मालक दुसऱ्याला काय सांगणार हेही ठरलेलं. ॲल्युमिनियम कडक, रस्त्यावरचा खडा न् खडा मनगटापर्यंत पोचवणारं. कार्बन मऊ, गादीवरून चालल्यासारखं. मी पहिली अकरा वर्षं वापरतोय, दुसरी सहा, आणि हे वाक्य स्वतः निदान पन्नास जणांना ऐकवलं असेल. त्यातल्या काहींनी ते ऐकून कर्ज काढलं.

ॲल्युमिनियमची बदनामी अगदीच उगाच झालेली नाही. ज्या धातूला आमची आजी ‘जर्मन’ म्हणायची आणि ज्याचं पातेलं दोनदा आपटलं की वाकडं व्हायचं, त्याची सायकल करायची तर अडचण उघड होती. पोलादाच्या मानानं वजन एक-तृतीयांश, पण ताठपणाही एक-तृतीयांशच. 1970च्या दशकात इटलीत आणि फ्रान्समध्ये पोलादी सायकलीच्याच मापाच्या बारीक ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून फ्रेमा केल्या गेल्या. ‘व्हिटस 979’ ही त्यातली गाजलेली. आयर्लंडचा शॉन केली तिच्यावर मोठमोठ्या शर्यती जिंकला, तरी जोर लावला की ती लवते, अशीच तिची ख्याती राहिली. तोड काढली ती अमेरिकेत, एमआयटीत शिकलेल्या गॅरी क्लाइननं. नळीच जाड घ्यायची. पत्रा तेवढाच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं, पण वाकायला होणारा विरोध आठपट वाढतो. धातू हलका असल्यामुळे ही चैन परवडते.

कनेक्टिकटमधल्या एका छोट्या रेल्वे स्टेशनावरून नाव घेतलेल्या कॅननडेल कंपनीनं 1983 मध्ये जाड नळ्यांची आपली पहिली सायकल आणली. त्या काळच्या जाड नळ्यांच्या फ्रेमा खरोखरच दांडगट होत्या, आणि त्यांच्यावर बारीक टायर दगडासारखे फुगवून चालवायची रीत होती. मनगटं दुखली ती तिथे. पण धातू शिकत गेला. नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ ओढता येऊ लागल्या, पाण्याच्या दाबानं हव्या त्या आकारात फुगवता येऊ लागल्या. कॅननडेलच्या ‘कॅड’ मालिकेतली प्रत्येक नवी फ्रेम आधीचीपेक्षा शहाणी निघाली. मारिओ चिपोलिनी 1999च्या टूर द फ्रान्समध्ये लागोपाठ चार टप्पे जिंकला, तो याच कंपनीच्या ॲल्युमिनियमवर. त्यातल्या एका टप्प्याचा सरासरी वेग ताशी 50 किलोमीटरच्या वर होता. आदल्याच वर्षी मार्को पंतानीनं अख्खी टूर ॲल्युमिनियमच्या बियांकीवर जिंकली होती. त्यानंतर मात्र ॲल्युमिनियमवर ती कोणी जिंकलेली नाही.

कार्बन आधीपासूनच दारात उभा होता. 1986 मध्ये ग्रेग लमाँड कार्बनच्या नळ्यांच्या सायकलीवर टूर जिंकला, आणि त्याच वर्षी केस्ट्रेल या अमेरिकी कंपनीनं संपूर्ण कार्बनची, नळ्या न जोडता घडवलेली फ्रेम विक्रीला काढली. ही वस्तू धातूच्या कुळातली नाहीच, ती कापडाच्या कुळातली आहे. केसाहून कितीतरी बारीक तंतू, त्यांना इपॉक्सीची राळ लावून केलेले पत्रे, आणि त्या पत्र्यांचे शेकडो तुकडे हातानं साच्यात लावणारी माणसं. तंतूची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेनं, आडवा तो जवळजवळ निरुपयोगी. म्हणून काही थर उभे, काही आडवे आणि काही शिंपी ज्याला उरेब म्हणतो तसे तिरके. पॅडलवर उभं राहून पाय मारताना फ्रेम पिळवटते, त्या पिळाला हे उरेब थर धरून ठेवतात. आत रबरी फुगा फुगवून थर साच्याच्या भिंतीवर दाबायचे आणि सव्वाशे-दीडशे अंशांना भाजायचे. कुठे किती थर आणि कोणत्या कोनात, हे वरच्या रंगाखाली झाकलेलं असतं. दोन कार्बन फ्रेमांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो तो यामुळेच. ‘कार्बन आहे’ एवढं सांगणं म्हणजे ‘सुती आहे’ एवढंच सांगणं. त्यातून धोतर की ताडपत्री हे कळत नाही.

माझा समज मोडला तो एका मित्राच्या खोडीनं. माझ्या ॲल्युमिनियमला 23 मिलिमीटरचे टायर होते, 110 पौंडांपर्यंत फुगवलेले. कार्बनला 28चे, हवा 75. एका शनिवारी रात्री तो माझ्याकडे मुक्कामाला होता, आणि त्यानं गुपचूप दोन्ही सायकलींची चाकं अदलाबदल केली. पहाटे अंधारातच चांदणी चौकातून मुळशीच्या रस्त्याला लागलो. भूगाव ओलांडेपर्यंत मी कार्बनवर कुरकुरत होतो की आज रस्ता फार वाईट आहे. पिरंगुटला चहाला थांबल्यावर सायकली बदलल्या, आणि अकरा वर्षांच्या त्या जुन्या फ्रेमवर रंबलरच्या पट्ट्यांवरून अलगद निघून गेलो. परतताना उजाडलं तेव्हा टायर दिसले. मित्र चहाचे पैसे द्यायलाही तयार नव्हता.

हिशेब केला तर आश्चर्य उरत नाही. फ्रेम म्हणजे त्रिकोणांची रचना, आणि त्रिकोण उभ्या दिशेनं दबायला तयारच नसतो. फ्रेम दबते ती मिलिमीटरच्या अंशांत, टायर दबतो तो कित्येक मिलिमीटर. मालक फ्रेमचं म्हणून जे सुख-दुःख सांगतात, त्यात टायर, हवा, सीट पोस्ट आणि बसण्याची मापं यांचाच वाटा मोठा. फ्रेमचा स्वतःचा म्हणावा असा गुण मला दोनच ठिकाणी जाणवतो. उभं राहून पॅडल मारलं की माझी कार्बन लगेच उचल खाते, जुनी अर्ध्या क्षणाचा विचार करते. आणि डांबरावरची बारीक झिणझिण कार्बनवर थोडी विरून येते. खड्डा दोघींवर खड्डाच असतो.

वजनाचं म्हणाल तर माझ्या दोन फ्रेमांत 300 ग्रॅमचा फरक आहे. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 83 किलो. सिंहगडाचा चढ मला तासाभराचा. 300 ग्रॅम कमी झाल्यानं त्यातले तेराएक सेकंद वाचतात. वर पोचून पिठलं-भाकरीची वाट बघण्यात ते कुठे जातात ते कळत नाही. शर्यतीत मात्र तेरा सेकंद म्हणजे पुष्कळ, म्हणून तर सायकलींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं 2000 सालापासून शर्यतीच्या सायकलीला किमान 6.8 किलोची अट घातली. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, त्या वर्षी माझ्या ओळखीच्या दोन डॉक्टरांनी कार्बन घेतली. एकाची अजून हॉलमध्ये भिंतीवर छान दिसते. तेवढ्याच पैशांत ॲल्युमिनियम घेतलं असतं तर गिअर एक-दोन पायऱ्या वरचे आले असते.

खरा फरक म्हाताऱ्या होण्यात आहे. पोलादाला एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी चालतो; ॲल्युमिनियमला अशी अभयमर्यादा नाही. छोटा ताणही ते मोजून ठेवतं. म्हणून फ्रेम मुळातच भरभक्कम करतात, वेल्डिंगनंतर तापवून पुन्हा कणखर करतात, आणि तरीही जोडांपाशी रंगात केसासारखी रेघ दिसते का, हे मी दर पावसाळ्यानंतर बघतो. कार्बन थकण्याच्या बाबतीत उलट चिवट, पण चुकीच्या जागी बसलेला एक घाव किंवा डोळे मिटून आवळलेला एक बोल्ट त्याला पुरतो. बोल्टशेजारी 5 न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नव्हे. टॉर्क पान्हा मी सायकलीनंतर दोन वर्षांनी घेतला. उशिराच.

आणखी एक वैर आहे, ते दोघांमधलंच. कार्बनच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीट पोस्ट, वर घाम, खाली पावसाचं पाणी: ही चक्क बॅटरी झाली. यात ॲल्युमिनियम गंजतं, आणि त्याचा गंज फुगतो. एका जून ते ऑक्टोबरात मी पोस्ट एकदाही बाहेर काढली नाही. दिवाळीत ती हलेना. काकांनी दोन दिवस तेलात भिजवून, फ्रेम उलटी टांगून, शिव्या घालून ती काढली. शिव्या मला होत्या.

पडलेल्या त्या कार्बनला नाण्यानं निर्दोष सोडलं, तरी मी ती विकायला काढली. दोन सायकलींना घरात जागा नाही, हे मला बरीच वर्षं सांगितलं जात होतं. बघायला एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला. कुठे पडलो ते मी सांगून टाकलं. त्यानंही खिशातून नाणं काढलं, मन लावून दहा मिनिटं ठोकलं. मग सोसायटीबाहेर एक चक्कर मारून आला.

‘‘छान आहे, काका,’’ तो म्हणाला. ‘‘पण कार्बन असून जरा कडकच वाटते हो.’’

28चे टायर मी आदल्या रात्रीच काढून जुनीला चढवले होते.