डीएनएचा पीळ, कॅम्प्टोथेसिन आणि ल्यूकेमिया-पेशींचा प्रतिरोध

‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपल्याकडे हट्टी माणसाला उद्देशून वापरली जाते. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र ती डीएनएच्या संदर्भातही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए सामावलेला असतो. त्याचे दोन पदर एकमेकांभोवती वळलेले असून दर साडेदहा आधार-जोड्यांमागे एक फेरा पडतो. या हिशेबाने एका पेशीतील डीएनएमध्ये जवळजवळ साठ कोटी फेरे भरतात. पेशीविभाजनापूर्वी हे सर्व फेरे सुटले पाहिजेत. त्यांपैकी काही थोडे जरी शिल्लक राहिले, तरी दोन कन्यापेशींचा डीएनए एकमेकांत गुंतून राहील.

हातमागाची परंपरा असलेल्या नागपुरात या अडचणीचे स्वरूप दृष्टान्ताने सहज स्पष्ट करता येईल. दोन पदरी पिळाच्या सुताचे एक टोक घट्ट बांधावे आणि दुसऱ्या टोकाकडून दोन्ही पदर उकलू लागावे. पदर जसजसे वेगळे होतात, तसतसा पुढील भागातील पीळ अधिकाधिक आवळत जातो आणि अखेरीस सुताला गाठी पडतात. डीएनएची प्रतिकृती तयार होत असताना नेमके हेच घडते. विणकर अशा वेळी सूत तोडून पीळ मोकळा करील व तुटलेली टोके पुन्हा सांधील. पेशीही तेच करते. या कामासाठी तिच्यापाशी जी विकरे आहेत, त्यांना टोपोआयसोमरेज असे नाव आहे. त्यांपैकी पहिले विकर जेम्स वँग यांनी १९७१ साली जीवाणूत शोधून काढले.

या विकरांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचे मानवी विकर डीएनएचा एकच पदर कापते. त्याच्या शृंखलेत ७६५ ॲमिनो अम्ले असून ७२३ व्या स्थानावरील टायरोसीन हे प्रत्यक्ष कापणीचे काम करते. कापलेल्या पदराचे टोक सुटे राहत नाही. ते या टायरोसीनशी सहसंयुज बंधाने जोडलेले राहते. मोकळा पदर फिरून पीळ उतरला की तोच बंध उलटतो आणि पदर पूर्ववत सांधला जातो. दुसऱ्या प्रकारचे विकर दोन्ही पदर कापते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पार करून देते आणि मग दोन्ही पदर जोडते. या कार्यास एटीपीची ऊर्जा लागते. दोन्ही प्रकारांत तुटलेली अवस्था क्षणमात्र टिकते आणि पेशीचे सारे स्वास्थ्य या क्षणिकतेवर अवलंबून असते.

आता औषधांकडे वळू. या कथेचा एक धागा महाराष्ट्रातून निघतो. खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्‍रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षातून एक अल्कलॉइड वेगळे केले. १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. त्या निबंधाच्या शीर्षकातच या द्रव्याचे वर्णन ल्यूकेमिया व अर्बुद यांना रोधणारे असे केले होते, कारण उंदरांतील ल्यूकेमियावर होणाऱ्या परिणामाच्या मागोव्यानेच ते शुद्ध करण्यात आले होते. हेच कॅम्प्टोथेसिन होय. पुढे १९७२ साली मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हेच द्रव्य सह्याद्रीतील एका वृक्षात सापडले. कोकण आणि घाटमाथ्यावरील लोक या वृक्षाला ‘नरक्या’ म्हणतात. त्याच्या फुलांना येणारा दुर्गंध लक्षात घेता हे नाव अनाठायी वाटत नाही.

आरंभीच्या रुग्णचाचण्या मात्र निराशाजनक ठरल्या. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्याचा सोडियम-क्षार वापरण्यात आला. हा क्षार करताना रेणूतील लॅक्टोन-वलय उघडते आणि द्रव्याचा प्रभाव मोठ्या प्रमाणात मावळतो. शिवाय मूत्राशयावर गंभीर दुष्परिणाम दिसून आले. १९७२ च्या सुमारास या चाचण्या थांबल्या. द्रव्य कोणत्या ठिकाणी कार्य करते हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. १९८५ साली लिरॉय लिऊ यांच्या गटाने हे द्रव्य पहिल्या प्रकारच्या टोपोआयसोमरेजवर कार्य करते असे दाखविले आणि टाकून दिलेल्या औषधाचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. त्यातून निघालेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही दोन औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली.

येथे विद्यार्थ्याची एक चूक होण्याचा संभव आहे. विकरावर कार्य करणारे औषध म्हणजे विकराचे काम बंद पाडणारे औषध, असे आपण सहज गृहीत धरतो. कॅम्प्टोथेसिनची रीत याहून वेगळी आहे. ते विकराला कापू देते, पण सांधू देत नाही. कापलेल्या जागी शेजारच्या दोन आधार-जोड्यांमध्ये शिरून ते विकर आणि डीएनए या दोहोंना धरून ठेवते. जो बंध क्षणमात्र टिकावयाचा, तो टिकून राहतो. प्रतिकृती करणारी यंत्रणा पुढे सरकत त्या जागी येऊन आदळली म्हणजे एका पदरातील साधी खाच दोन्ही पदरांच्या भंगात रूपांतरित होते, आणि असे अनेक भंग झालेली पेशी मरते. म्हणून हे द्रव्य प्रतिकृतीच्या अवस्थेत असलेल्या पेशींना विशेष घातक ठरते. डॉनोरुबिसिन, एटोपोसाइड आणि टेनिपोसाइड ही औषधे दुसऱ्या प्रकारच्या विकराच्या बाबतीत मूलतः हाच डाव खेळतात. तात्पर्य, या औषधांचे विष पेशीच्या स्वतःच्याच विकरापासून तयार होते.

एवढे समजले म्हणजे प्रतिरोधाचे तर्कशास्त्रही उलगडते. तुलनेसाठी मेथोट्रेक्सेट घ्यावे. ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराचे काम खरोखरच बंद पाडते. त्यामुळे त्याला दाद न देणाऱ्या पेशी हे विकर अधिक प्रमाणात निर्माण करतात. १९७८ साली शिम्के यांच्या गटाने अशा पेशींत या विकराच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात असे सिद्ध केले. टोपोआयसोमरेजच्या बाबतीत न्याय नेमका उलट आहे. येथे विकर जितके अधिक, तितके विष अधिक. म्हणून प्रतिरोधी पेशी विकराचे प्रमाण घटवितात, किंवा औषधाला पकड मिळणार नाही अशा तऱ्हेने विकराची घडण बदलतात.

याची प्रत्यक्ष उदाहरणे ल्यूकेमिया-पेशींच्या संवर्धनात मिळाली. जपानमधील अँडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी टी-लसिकापेशींच्या ल्यूकेमियापासून कॅम्प्टोथेसिनला न जुमानणारा एक वंश निवडून काढला आणि १९८७ साली त्याचे वर्णन केले. या वंशाचे टोपोआयसोमरेज शुद्ध करून परीक्षानलिकेत तपासले तरी ते औषधाला दाद देत नव्हते. म्हणजे दोष पेशीच्या आवरणात किंवा औषध आत शिरण्यात नसून विकरातच होता. १९९१ साली त्याचे कारण सापडले : ५३३ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी ग्लायसीन आले होते.

दुसरे उदाहरण तर्कपद्धतीच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. अनेक औषधांना एकाच वेळी प्रतिरोध करणाऱ्या पेशींच्या आवरणात औषध बाहेर फेकणारे एक प्रथिन असते, हे १९७६ पासून ज्ञात होते. टेनिपोसाइडला प्रतिरोधी असलेल्या एका ल्यूकेमिया-वंशातही हीच यंत्रणा असावी असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु तसे असते तर सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिनही त्या पेशींनी बाहेर फेकले असते. प्रत्यक्षात त्या पेशी व्हिन्क्रिस्टिनने मरत होत्या. म्हणून कारण अन्यत्र शोधणे प्राप्त झाले, आणि दुसऱ्या प्रकारच्या टोपोआयसोमरेजमध्ये ४४९ व्या स्थानी आर्जिनीनच्या जागी ग्लुटामिन आल्याचे आढळले.

तिसरे उदाहरण सर्वांत विस्मयकारक आहे. सीईएम या ल्यूकेमिया-वंशापासून निवडलेल्या एका प्रतिरोधी उपवंशात पहिल्या प्रकारच्या विकरात ७२२ व्या स्थानी ॲस्पॅराजीनऐवजी सेरीन आले होते. हे स्थान कापणी करणाऱ्या टायरोसीनच्या अगदी शेजारचे आहे. आता प्रश्न असा की, जो वृक्ष हे विष स्वतःच्या देहात साठवितो, त्याच्याही पेशींत टोपोआयसोमरेज असतेच. मग तो कसा जगतो? २००८ साली चिबा विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. कॅम्प्टोथेका वृक्षाच्या आणि कॅम्प्टोथेसिन निर्माण करणाऱ्या ओफिओरायझा वनस्पतीच्या विकरात त्याच स्थानी तोच बदल असतो. वनस्पतीने उत्क्रांतीच्या दीर्घ काळात जो मार्ग शोधला, तोच मार्ग काचेच्या बशीतील ल्यूकेमिया-पेशीने औषधाच्या निवडीखाली अल्पावधीत गाठला. यावरून एवढे दिसते की, विकराचे काम न बिघडविता औषधापासून निसटण्याच्या वाटा फार नाहीत. ज्या वाटा मोजक्या आहेत, त्यांची टेहळणी करता येते.

तथापि संवर्धनातील निष्कर्ष रुग्णाला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. रुग्णांच्या पेशींत अशी उत्परिवर्तने क्वचितच आढळली आहेत. तेथे विकराचे घटलेले प्रमाण, औषध बाहेर फेकणारी प्रथिने, तुटलेल्या डीएनएची जलद दुरुस्ती आणि मृत्यूचा आदेश न पाळणारी पेशी अशी अनेक कारणे एकत्र नांदतात. म्हणून ‘पेशी प्रतिरोधी आहेत’ एवढे विधान अपुरे होय. औषध आत पोहोचते का, विकर पुरेसे आहे का, विकर औषधाला पकड देते का, आणि झालेला भंग टिकतो का, हे चार प्रश्न या क्रमाने विचारले पाहिजेत. कारण प्रत्येक उत्तराबरोबर पुढील औषधाची निवड बदलते.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या विकरावरील औषधांनी, विशेषतः एटोपोसाइडने, बऱ्या झालेल्या काही थोड्या रुग्णांना पुढे काही वर्षांत नवा ल्यूकेमिया होतो. त्यांच्या पेशींत अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचा तुकडा भलत्याच ठिकाणी सांधलेला दिसतो. तोडणे आणि सांधणे यांच्यामध्ये घुसणाऱ्या औषधाचे हे मोल आहे, आणि मात्रा ठरविताना चिकित्सकाला ते नेहमी मनात धरावे लागते.

शेवटी नरक्याविषयी. या वृक्षाच्या लाकडाला परदेशांतून मागणी आल्यापासून सह्याद्रीत त्याची बेसुमार आणि अनेकदा चोरटी तोड झाली. प्रतिरोधी पेशींवर उद्या एखादे नवे द्रव्य लागू पडावयाचे, तर ते अशाच एखाद्या दुर्लक्षित वनस्पतीत असण्याचा संभव आहे. कॅम्प्टोथेसिनचे कार्य कळण्यास १९६६ ते १९८५ अशी एकोणीस वर्षे लागली. तोवर तो वृक्ष उभा होता, म्हणून त्या ज्ञानाचा उपयोग करता आला, हे प्रयोगशाळेत बसणाऱ्यांनी विसरता कामा नये.