सेन्सरला स्टील कमी दिसतं

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणारे कितीतरी गाळे आहेत. पत्र्याचं सर्कल प्रेसखाली जातं, पातेल्याचा आकार घेऊन बाहेर येतं. मग कड कापणं, मग पॉलिश. अशा गाळ्यात ऑटोमेशन करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो हा, की सर्कल जागेवर बसलंय हे यंत्राला कळणार कसं? सगळे एकच नाव घेतात, प्रॉक्सिमिटी सेन्सर. दुकानदार विचारतो, ‘किती एमएमचा?’ आणि बहुतेकांची निवड तिथेच संपते.

खरं तर ती तिथे सुरू व्हायला हवी. इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटीच्या तोंडाशी एक कॉइल असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्या धातूत भोवरे-प्रवाह निर्माण होतात, कॉइलची ऊर्जा खर्ची पडते आणि सेन्सर ‘माल आला’ असा इशारा देतो. पण त्याच्यावर छापलेलं अंतर मोजलेलं असतं साध्या लोखंडी पत्र्यावर. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवर ते साधारण ७० टक्क्यांवर येतं, ॲल्युमिनियमवर ४० टक्क्यांच्या आसपास आणि तांब्यावर त्याहूनही खाली. म्हणजे ५ मिलिमीटरचा सेन्सर आपल्या सर्कलला साडेतीन मिलिमीटरवरच ओळखणार. त्यात उष्णतेचा आणि प्रेसच्या हादऱ्यांचा हिशेब धरला, तर तीनच्या आत बसवलेला बरा. प्रकाशावर चालणारा सेन्सर घ्यावा, तर पॉलिश केलेलं स्टील आरशासारखं चमकतं आणि परावर्तनावर चालणारा साधा सेन्सर चकतो. तिथे एका बाजूने प्रकाश सोडणारा आणि समोरून तो घेणारा ‘थ्रू बीम’ प्रकार जास्त भरवशाचा. सेन्सरच्या बॉडीवरचा आकडा वाचण्याआधी आपला माल कोणत्या धातूचा आहे ते सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

जोडणीतही असंच होतं. तपकिरी वायरला २४ व्होल्ट, निळीला शून्य, काळीवर आउटपुट, हे वायरमनला पाठ असतं. पण आउटपुट एनपीएन की पीएनपी, हे पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाच्या, इनपुटकडे पाहून ठरतं. आणि पीएलसी परवडत नाही म्हणून आर्डुइनो लावायचा, तर पीएनपी सेन्सरचे २४ व्होल्ट थेट त्याच्या पिनवर गेले की बोर्ड गेलाच. मध्ये ऑप्टोकपलर हवा. तो काही रुपयांत मिळतो.

आता हाताची गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. प्रेसवर बोटं जातात. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम २१ मध्येच यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती होती. ऑपरेटरचे दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस सुटू नये, म्हणून दोन बटणांची रचना असते. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, नाहीतर एक बटण टेपने दाबून ठेवायची सोय होऊन बसते. हे काम सेफ्टी रिलेचं. आर्डुइनोवर ते सोपवू नये, मग प्रोग्राम कितीही चांगला लिहिलेला असो. इमर्जन्सी स्टॉपचा संपर्क एरवी बंद असणारा, म्हणजे ‘एनसी’च घ्यावा. वायर तुटली तर यंत्र थांबतं. एरवी उघडा असणारा, म्हणजे ‘एनओ’ घेतला तर वायर तुटल्याचं कळतं ते नेमकं गरजेच्या क्षणी.

एक बारकावा मात्र नवख्या इंजिनिअरच्या ध्यानात येत नाही. जुन्या की-क्लचच्या प्रेस एकदा गुंतल्या की पूर्ण फेरा मारूनच थांबतात. त्यांच्यावर महागडा लाइट कर्टन बसवून उपयोग नाही, कारण हात आत गेल्याचं कळलं तरी रॅम थांबत नाही. तिथे लोखंडी गार्डच हवा.

मीरा-भाईंदरमधली अभियांत्रिकीची मुलं रोबो बनवतात तेव्हा त्यांचं सामान वेगळं असतं, क्रम तोच: आधी काम ओळखायचं, मग भाग निवडायचा. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धेचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. स्पर्धा कोणतीही असो, मुलं बोर्डापासून सुरुवात करतात, करावी वजनापासून. दोन किलोचा रोबो, साडेसहा सेंटीमीटरची चाकं, चढ १५ अंशांचा. चढावर मागे ओढणारं बळ सुमारे अर्धा किलो, त्याला चाकाच्या त्रिज्येने गुणलं की १.७ किलो-सेंटीमीटर. दोन मोटरींत वाटून, घर्षण आणि सुरुवातीचा धक्का धरून दुप्पट केलं, की प्रत्येकी दोनच्या आत-बाहेर टॉर्क लागतो. मोटर ठरली की ती अडकल्यावर किती अँपिअर ओढते ते बघायचं, कारण ड्रायव्हर त्या आकड्यावर निवडायचा असतो. सगळ्यांच्या ओळखीचा एल२९८एन एका अँपिअरला दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, ७.४ व्होल्टच्या बॅटरीतले मोटरीपर्यंत जेमतेम साडेपाच पोचतात, उरलेल्यांची हीटसिंकवर उष्णता होते. छोट्या मोटरींना मॉस्फेटवाला टीबी६६१२ खूपच बरा. रिलेचंही तेच: पाच व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर मागते आणि आर्डुइनो उनोच्या पिनने २० च्या आसपास द्यावेत. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड, यात काटकसर नको. ईएसपी३२ वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा पाच व्होल्टचा इको दोन रेझिस्टरांनी विभागूनच आत घ्यावा.

सामान आणायला भाईंदरहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडी जुनंच नाव आहे. तिथे १८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊ नका. या आकाराच्या नामांकित कंपनीच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० असते. दुकानातच मल्टिमीटर लावून बघायला कोणी हरकत घेत नाही.

आणि इथली हवा. मिठागरांचं गाव, पलीकडे उत्तनचा समुद्र. खारट दमट वाऱ्याने उघड्या तारांची टोकं हिरवी पडतात आणि पॅनेलमध्ये अधूनमधून येणारा, शोधून न सापडणारा दोष बहुधा तिथेच असतो. वायरच्या टोकाला फेरूल क्रिंप करा, सर्किट बोर्डावर कोटिंग मारा, सेन्सर आयपी६७ चा घ्या आणि केबल पॅनेलमध्ये वरून न आणता खालून ग्लँड लावून आणा, म्हणजे पावसाळ्यात पाणी तारेवरून ओघळत टर्मिनलपर्यंत पोचणार नाही.